नाताळची वाकळ : ख्रिस्ती कुटुंबाच्या दानसेवेचा एक इतिहास

आगमनकाळाचा पहिला रविवार जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून दोन प्रकारची तयारी सुरू होते. घरांतून फराळाची, नव्या कपड्यांची व दिव्यांची. आणि धर्मग्रामाच्या कार्यालयातून ‘गरिबांसाठी वाटप’ ह्या कार्यक्रमाची. पहिल्या तयारीत कुटुंब असते, पण गरीब नसतो. दुसरीत गरीब असतो, पण कुटुंब नसते. तेथे असतात धर्मगुरू, समितीचे चार सभासद आणि एक यादी. ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती मुळापासूनच अशी असावी असे वाटते. वस्तुतः ख्रिस्ती परंपरेत भेट आणि सेवा ह्या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ एकाच घरात, एकाच चुलीपाशी आणि पुष्कळदा एकाच सुईने घडत आल्या आहेत. हे दाखवून देणे व त्यापासून धर्मगुरू आणि धर्मशिक्षक ह्यांनी काय घ्यावे ह्याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आरंभ मी माझ्या परिचयाच्या एका घरापासून करतो, कारण ते घर माझेच आहे.

बालाघाटातील एक घर

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला ह्या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून निर्माण झाला. खाली वैनगंगेच्या काठची तळ्यांवर पोसलेली भातशेती आणि वर बैहरचे पठार, जेथे गोंड व बैगा लोकांची वस्ती. असे ह्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. पूर्वी तो मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आमच्यासारख्या घरांची शाळा हिंदीत, बाजार हिंदी व पोवारीत, आणि प्रार्थना मात्र मराठीत होत असे.

आमच्या घरी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आजी लाकडी पेटी उघडी. वर्षभर बाजूला ठेवलेली जुनी लुगडी, धोतरे व चादरी त्यातून बाहेर निघत. ती आदल्या दिवशी धुवून वाळवलेली असत. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ती एकावर एक अंथरली जात आणि वाकळ शिवण्यास प्रारंभ होई. टाके प्रत्येकाने घालावयाचे असा नियम होता. वडील शिक्षक होते; त्यांची ओळ हटकून वाकडी जाई, पण आजी ती उसवू देत नसे. आम्हां मुलांकडे सुईत दोरा ओवण्याचे काम असे, कारण आमचे डोळे तरुण होते. चार आठवड्यांत दोन वाकळी तयार होत. उरलेल्या चिंध्यांची बहिणीसाठी बाहुली होई. आणि माझ्यासाठी वडील सागाच्या तुकड्यातून तान्ह्या पोळ्याच्या नंदीसारखा बैल कोरीत. नाताळसाठी दुकानातून आणलेली भेट मला लहानपणी मिळाल्याचे आठवत नाही. आणि त्याची खंत वाटल्याचेही आठवत नाही.

वाकळीसंबंधी आजीचे दोन दंडक होते. पहिला असा की वरच्या थराला घरातील त्या वर्षीचे सर्वांत चांगले जुने लुगडे लागावे. जे आपण स्वतः पांघरणार नाही ते दुसऱ्याच्या अंगावर घालू नये. दुसरा असा की वाकळ कोणाला मिळणार हे आधी ठरवावयाचे नाही. नाताळच्या दिवशी सायंकाळी नव्या चिन्नोर तांदळाची खीर एका पातेल्यात घेऊन आम्ही सारे सरकारी रुग्णालयात जात असू. खेड्यांतून रोग्यांबरोबर आलेली माणसे तेथील ओसरीवर झोपत. डिसेंबरातील बालाघाटची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांस अधिक सांगावयास नको. आई खीर वाढी, वडील विहिरीचे पाणी भरून आणीत, आम्ही मुले ओसरी झाडीत असू. आणि मग त्यांच्या पंगतीतच बसून आम्हीही खात असू. ज्याच्यापाशी पांघरूण नाही असे दिसे त्याच्या उशाशी आजी निघताना वाकळ ठेवी.

हे सारे कशासाठी, असे मी एकदा तिला विचारले. ती म्हणाली, “आपल्या घरचं पयलं पांघरून दुसऱ्यानं देल्लं होतं, बाबू. हे विसरू नोको.” तिच्या आजीला दुष्काळाच्या वर्षी कोणीतरी रस्त्यावरून उचलून मिशनच्या आश्रयाला आणून सोडले होते. आमच्या घरातील ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभ तेथून झाला.

१८९६-९७ चा दुष्काळ

तो दुष्काळ १८९६-९७ चा. त्या वर्षी पाऊस वेळेपूर्वीच थांबला. भाताचे पीक अखेरच्या पावसावर अवलंबून असते. तो न आल्यामुळे ओंब्या भरल्याच नाहीत. त्याआधीची वर्षेही मध्य प्रांताला वाईटच गेली होती, त्यामुळे कणग्या रिकाम्या होत्या. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली, अन्नछत्रे व दरिद्रीगृहे उघडली. तरी मृत्यूचे प्रमाण भयंकर होते, आणि बालाघाट जिल्हा सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांपैकी होता. ही झीज भरून निघण्यापूर्वीच १८९९-१९०० चा दुसरा दुष्काळ आला. बैहर-बालाघाट भागात जॉन लँपर्ड ह्यांचे ‘बालाघाट मिशन’ १८९० नंतरच्या दशकात नुकतेच मूळ धरीत होते, आणि त्याच्या अगदी आरंभीच्या इतिहासावर ह्या दुष्काळांची छाया आहे.

ह्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. त्यांच्या येण्यामागे एका कुटुंबाची आठवण होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तिघेही १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेली होती. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास तेवढे वाचले. मध्य प्रांतातील भुकेल्या मुलींची वार्ता कानी येताच त्या आठवणीने त्यांस स्वस्थ बसू दिले नाही. दरिद्रीगृहांतून अनाथ मुलींची व तरुण विधवांची कशी दुर्दशा व विटंबना होते हे त्यांनी स्वतः पाहिले, आणि सुमारे ३०० जणींना त्यांनी आपल्या आश्रयास आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर ठेवावे लागले. ‘मुक्ती’चा जन्म तेथे झाला. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली होती.

येथे मला आपले लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे. मुक्तीतील मुलींना केवळ अन्नवस्त्र देऊन ठेवण्यात आले नाही. त्या विणू लागल्या, शेती करू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या आणि मागाहून आलेल्या दुर्बळ मुलींची शुश्रूषा करू लागल्या. रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा (१८८१-१९२१) शिकून आली ती आईच्याच कामात उभी राहिली. अंध स्त्रियांना शिकविण्याचे कार्यही तिने केले. ज्या कुटुंबाचा दुष्काळाने जवळजवळ नाश केला, त्यातील वाचलेल्या मुलीने व तिच्या मुलीने दुसऱ्या दुष्काळात हजारोंचे घर उभारले, आणि त्या घरात घेणाऱ्या हाताला देणारा हात होण्याची संधी मिळाली.

सातासमुद्रापलीकडची पेटी

आमच्या आजीची आजी हिला मिशनच्या आवारात जे पहिले वस्त्र मिळाले ते परदेशातून आलेल्या नाताळच्या पेटीतील होते, असे आमच्या घरी सांगतात. ह्या पेट्यांचा इतिहास आपण सहसा तुच्छतेने सांगतो, आणि ‘दुधाच्या भुकटीचे ख्रिस्ती’ ह्या टोमण्याच्या भयाने तो दडवूनही ठेवतो. परंतु पेटी भरली जात होती ती कोठे? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात व अमेरिकेत ‘दोर्कस मंडळे’ निघाली होती. गावोगावच्या स्त्रिया आठवड्यातून एकदा जमत आणि गरिबांसाठी व दूरच्या मिशनांसाठी झबली, सदरे, बाहुल्या, रजया शिवीत. त्यांत शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या बायकाही होत्या. म्हणजे त्या पेटीतील झबले हीदेखील एका घरची शिवण होती. टाके घालणारीने बहुधा प्रार्थना करीतच ते घातले होते.

मग विटाळले ते काय? माझ्या मते देणगी नव्हे, तर रांग. पेटी आवारात उघडली जाई, नावे पुकारली जात, मुले ओळीने पुढे येत. शिवणारी स्त्री घेणाऱ्या मुलीला पाहत नसे, आणि मुलीला शिवणारीचे नाव कळत नसे. त्या दोघींमध्ये एक नोंदवही आणि एक साहेब उभा असे. घरात जन्मलेली भेट अशा रीतीने संस्थेच्या हातून पोचे, आणि वाटेत तिच्यातील घर हरवून जाई. ज्यांनी वाटले त्यांची निंदा करण्याचा हेतू येथे नाही. उपाशी मुलांच्या झुंबडीत दुसरा मार्ग त्यांस दिसला नसावा. पण दुष्काळ संपला तरी रांग राहिली, हे मात्र खरे.

ही टीका मी दुसऱ्यांवर करीत नाही. दीक्षा झाल्यावर थोड्याच वर्षांत मीही एका धर्मग्रामात नाताळनिमित्त ब्लँकेटवाटप केले. मंडप घातला, फलक लावला, छायाचित्रकार बोलावला. एक वृद्ध बाई पुढे आली. मी ब्लँकेटचे एक टोक हातात धरून तिने दुसरे धरावे म्हणून थांबलो, कारण छायाचित्र निघावयाचे होते. तिने पदराने तोंड झाकून घेतले. छायाचित्र निघाले, त्यात तिचा चेहरा नाही, माझा आहे. दुसऱ्या दिवशी ते ब्लँकेट मंदिराच्या पायरीवर घडी करून ठेवलेले सापडले. ते तिनेच ठेवले असे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. परंतु आजीने रुग्णालयाच्या ओसरीवर निघता निघता उशाशी ठेवलेली वाकळ मला त्या दिवशी प्रथम कळली.

मंडळीची जुनी वाट

पवित्र शास्त्राकडे वळल्यास घरच्या भेटीचा धागा त्यात आरंभापासून आढळतो. हन्ना दर वर्षी आपल्या शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून मंदिरात नेत असे (१ शमु. २:१९). लूक आपल्या शुभवर्तमानात मरियेने बालकाला बाळंत्याने गुंडाळले हे सांगण्यास विसरत नाही (लूक २:७). देवपुत्राच्या अंगाला लागलेले पहिले वस्त्र आईच्या हातचे होते. आणि यापो येथील टबीथा, म्हणजेच दोर्कस, मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्रापाशी आल्या त्या तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवीत (प्रे. कृ. ९:३९). तिने किती वस्त्रे वाटली ह्याची संख्या लूक देत नाही. शिवणारी व नेसणाऱ्या एकमेकींना ओळखत होत्या, हे मात्र त्या एका प्रसंगावरून स्पष्ट होते.

ख्रिस्तजन्माचा सण २५ डिसेंबरला पाळला जात असल्याची नोंद रोममध्ये ३५४ च्या पंचांगात मिळते. अंत्युखियात हा सण नवा होता. ३८६ मध्ये तेथे योहान क्रिसोस्तोम ह्यांनी त्यावर प्रवचन केले तेव्हा तो लोकांना माहीत होऊन दहा वर्षेही झाली नव्हती. पुढच्या शतकात थोर लिओ (४४०-४६१) ह्यांनी डिसेंबरातील उपवासावर दिलेली प्रवचने आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. उपवासाने घरातील जे अन्न वाचते ते भुकेल्याकडे जावे, नाहीपेक्षा तो उपवास केवळ देहाला दिलेला त्रास होय, असा त्यांचा आशय आहे. दानाची सुरुवात चर्चच्या कोठारातून न होता घरच्या ताटातून होते, हे ह्यात गृहीत धरलेले आहे.

ह्याहूनही जवळचे उदाहरण कप्पदुकियातील एका कुटुंबाचे आहे. ३६९ च्या सुमारास तेथे अवर्षणामुळे दुष्काळ पडला. बाझिल त्या वेळी कैसरियात होते. त्यांनी धान्य कोंडून ठेवणाऱ्यांस प्रवचनांतून खडसावले, भुकेल्यांस एकत्र केले आणि मोठ्या भांड्यांत शिजविलेले अन्न त्यांस स्वतः वाढले. त्यांचा धाकटा भाऊ पेत्र आपल्या निवासस्थानी येणाऱ्यांस अन्न पुरवीत होता. आणि त्यांची थोरली बहीण माक्रीना दुष्काळात रस्त्यांवर टाकून दिलेल्या मुलींना उचलून आणून आपल्या घरात वाढवीत होती. माक्रीनाचे चरित्र लिहिणारे दुसरे बंधू निस्साचे ग्रेगरी ह्यांनी ही हकिकत नोंदविली आहे. माक्रीना आणि रमाबाई ह्यांच्यात पंधरा शतकांचे अंतर आहे. रस्ता मात्र तोच आहे, आणि रस्त्यावरची मुलगीही तीच.

मध्ययुगात असिसीच्या फ्रान्सिस ह्यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाण मांडली हे सर्वविदित आहे. त्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैलांना व गाढवांना नेहमीपेक्षा अधिक दाणा-वैरण मिळावी, अशीही त्यांची इच्छा होती. गव्हाण आपण घेतली. ती इच्छा मात्र मागे राहिली.

आपल्या किनाऱ्यावर ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून ख्रिस्तजन्माची कथा ओवीत आणली. गोव्यातील घरांनी नाताळला आपला असा एक आचार दिला : नेवऱ्या, दोदोल, कुलकुले हे सारे घरी करावयाचे आणि ताटात घालून शेजाऱ्यांकडे, मग ते हिंदू असोत वा ख्रिस्ती, पोचवावयाचे. हाच कुस्वाद. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला आहे तेथे तळण होत नाही. अशा घरी शेजारी ताट नेतात. दुःखात असलेल्या घराला ‘तुम्ही गरजू आहात’ असे न म्हणता, शेजारधर्माच्या नेहमीच्या ताटातूनच सांत्वन देण्याची ही रीत आहे. दान देण्याची ह्याहून सभ्य पद्धत मला ठाऊक नाही.

एक इशारा

तथापि घराच्या दानधर्माचे केवळ गोडवे गाऊन चालणार नाही. राजनांदगावला १८९३ मध्ये जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल दिले, ही कथा प्रत्येक धर्मशिक्षकाला माहीत आहे. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा. ख्रिस्ती घर आतून कसे असते हे समजून घ्यावयाचे तर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’सारखे दुसरे पुस्तक मराठीत नाही. टिळकांचे औदार्य त्यात आहे, आणि त्या औदार्याची किंमत कोण मोजीत होते हेही त्यात आहे. टिळक हातचे उचलून देत; उद्याची चूल कशी पेटावी ही विवंचना लक्ष्मीबाईंकडे असे. पुढे अनाथ मुलांचा सांभाळ त्यांनी स्वतःच्या मनाने केला. परंतु एकाने द्यावे आणि दुसऱ्याने सोसावे, तोवर ते कुटुंबाचे दान होत नाही. सर्वांनी मिळून ठरविले, सर्वांनी हात लावला, तरच ते घराचे अर्पण होते. आमच्या आजीने वडिलांची वाकडी ओळ उसवू दिली नाही ह्याचे कारण मला येथे सापडते. वाकळ सुबक व्हावी ह्यापेक्षा ती सगळ्यांची व्हावी, हे तिला अधिक महत्त्वाचे वाटत होते.

ह्यापासून आपण काय घ्यावे

धर्मग्रामाचे वाटप बंद करा असे मी म्हणत नाही. पूर, आग, रोगराई अशा प्रसंगी संघटित मदतीवाचून भागत नाही, आणि सामाजिक न्यायाचे कार्य वाकळीने होत नाही. मात्र नाताळच्या काळात धर्मशिक्षकांनी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली : आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रत्येक कुटुंबाला असे एक काम सुचवावे की जे विकत आणता येत नाही आणि ज्यात घरातील सर्वांत लहान मुलालाही वाटा असेल. दुसरी : यादीऐवजी शेजार शिकवावा. कोणत्या घरी या वर्षी मृत्यू झाला, कोण एकटे आहे, कोणाचा मुलगा रुग्णालयात आहे, हे कुटुंबांनी स्वतः शोधावे आणि तेथे जाऊन थोडा वेळ बसावे. तिसरी : ज्यांना आपण ‘लाभार्थी’ म्हणतो त्यांच्याकडूनही काही घ्यावे, त्यांच्या हातचे पाणी, त्यांच्या शेतातील मूठभर तांदूळ, त्यांची प्रार्थना. ज्याला काही देताच येत नाही असा माणूस ख्रिस्ताच्या मंडळीत नाही. दुष्काळातून आलेल्या मुलींनी मुक्तीत हेच सिद्ध केले.

आणि धर्मगुरूंनी एक चौथी गोष्ट करावी : छायाचित्रकाराला बोलावू नये.

आजी आता नाही. पेटी माझ्या बहिणीकडे आहे. तिच्या मुलांना टाके घालता येत नाहीत असे ती गेल्या वर्षी म्हणत होती. मी तिला सांगितले, वाकडे घालू देत. ह्या नाताळला तिच्याकडे जाणे झाले तर एक ओळ मीही घालणार आहे. वेदीवर ख्रिस्ताचे शरीर हातात घेणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी सुई हातात घ्यावी. म्हणजे देवाने देह पांघरला ह्याचा अर्थ बोटांनाही थोडासा कळेल.